सोफ्यातला कोबिना

अराबा तावियाने एकोणीस वर्षांत काही नाही तरी सहा-सातशे सोफे धुतले असतील, पण त्यातल्या एकावरही ती कधी बसली नाही. मयतीला जावो, बारशाला जावो, पाद्र्यांच्या घरी प्रार्थनेला जावो, आत शिरल्या शिरल्या तिची नजर लाकडाचं काहीतरी शोधायची. पाट, बाक, अगदीच नसेल तर उलटी बादली. घरची बाई गादीची खुर्ची पुढं सरकवायची आणि ही आपली दारातच उभी. "आत काय असतं ते मला माहीत आहे," एवढंच म्हणायची. मग आधीपासून ऐसपैस बसलेली माणसंही एकेक करून उठायची. त्यामुळं कामाला तिला सगळे बोलवायचे, पाहुणी म्हणून फारसं कोणी बोलवत नसे.

तिचं काम चालायचं कोजोक्रोमच्या फाट्यावर, आतोच्या वखारीमागच्या अंगणात. आतो हा जुन्या सोफ्यांचा व्यापारी. हॉलंडहून त्याचा कंटेनर यायचा आणि त्यात गोऱ्यांनी वापरून टाकलेले सोफे खच्चून भरलेले असायचे. आमच्याकडं नव्या कोऱ्या सोफ्याला कोण विचारतो? सुताराने काल ठोकला, उद्या मोडेल. गोऱ्याच्या ढुंगणाखाली वीस वर्षं टिकला तो खरा सोफा, अशी आमच्या लोकांची समजूत. फक्त गोऱ्याची धूळ, त्याच्या कुत्र्याचे केस आणि ढेकूण तेवढे नकोत. तेवढं काढायला अराबा.

आणि काढायची तरी कशी! आधी गाद्या सुट्या करून वेताच्या छडीने बडवायच्या. ती बडवायला लागली की शेजारचा टायरवाला आपली मासळी आणि मक्याच्या केन्कीचे गोळे झाकून आत पळायचा. मग खाण्याचा सोडा भुरभुरून गाद्या तशाच ठेवायच्या. मग कोकोच्या सालींच्या राखेचा काळा साबण बादलीत घुसळून नुसता फेस वरच्यावर काढायचा आणि त्या फेसानेच घासायचं. पाणी आत जाऊ द्यायचं नाही, कारण पाणी गेलं की आठ दिवसांत सोफ्याला असा वास सुटतो की घरचा माणूस शेजाऱ्याकडं झोपायला जातो. फेसानंतर व्हिनेगरच्या पाण्याचं फडकं. शिवणीशिवणीतून केटलीची वाफ, कारण ढेकणांची अंडी तिथंच लपलेली असतात. वर कडुलिंबाचा पाला खोचून तीन दिवस कडक ऊन. आणि शेवटी पांढरा रुमाल. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत ती रुमाल गादीवर खसाखसा घासायची आणि उलटा करून दाखवायची. रुमाल पांढरा, तर काम झालं. एकोणीस वर्षांत तिचा रुमाल पिवळासुद्धा पडला नव्हता.

उन्हात ठेवताना ती सोफा एका कडेवर आडवा करायची. कारण अगदी साधं होतं. आडवा केला की खालच्या कापडातून उरलंसुरलं पाणी निथळतं आणि वाराही लागतो. पण आमच्याकडं बसायचं स्टूल रिकामं असलं की ते आडवं करून भिंतीला टेकवतात. उभं ठेवलं तर वाटेनं जाणारं कुणीतरी येऊन त्यावर बसतं, जे डोळ्यांना दिसत नाही, आणि त्याला ऊठ म्हणायची सोय नाही. हे शेंबड्या पोरालाही माहीत. तेव्हा लोकांनी पाहिलं की अराबा सोफे आडवे करते, आणि ठरवून टाकलं की ही बाई नुसता मळ काढत नाही, आत बसलेल्या गोऱ्यालाही उठवते. अराबाने सुरुवातीला दोघाचौघांना समजावलं, अहो, पाणी निथळतं हो त्यानं. कोणी ऐकलं नाही. उलट बाई आपली विद्या कुणाला सांगत नाही म्हणून तिचा मान वाढला. शेवटी तिनंही नाद सोडला. आतोने तिच्यासाठी निळ्या अक्षरांत फळा रंगवून आणला, "अराबा. आत काहीच उरत नाही." तो फळा म्हणजे तिचा जीव की प्राण. रोज सकाळी सोफ्यांना हात लावायच्या आधी ती तो फळा पुसायची.

आता एबो क्वान्सांचं सांगते. हे लाइनीवरच्या एका लहानशा स्टेशनाचे निवृत्त मास्तर. त्यांच्या स्टेशनात गाडी येऊन अकरा वर्षं झाली होती आणि आता तिथं शेळ्या राहत होत्या. पण मास्तरांच्या मनगटावर घड्याळ होतं आणि ते बरोबर चालायचं. बायको वारलेली, मुली कुमासीला दिलेल्या. घरात बसायला एक लाकडी बाक, तोही स्टेशनातलाच. त्या बाकाने पाठ धरली तेव्हा मास्तरांनी आतोकडून तीन माणसांचा हिरवा मखमली सोफा घेतला. सोफ्याच्या डाव्या अंगाला चांगला मोठा खड्डा होता, एखादा जाडजूड माणूस वर्षानुवर्षं तिथंच बसला असावा असा. अराबाने आधीच सांगून टाकलं की मी मळ काढते, खड्डे बुजवत नाही, स्प्रिंग दमलीय. मास्तर म्हणाले, राहू दे, मीही दमलोय.

त्याच खड्ड्याच्या खाचेत अराबाला कवळी सापडली. खालची, पुरती, गुलाबी हिरड्यांची.

सोफ्यांत काय काय सापडतं विचारू नका. पेनं, कंगवे, एका पायाचे मोजे, एकदा तर कुणाला तरी लिहिलेलं पण न टाकलेलं पत्र. अराबाचा नियम असा की सोफ्यात सापडलेली वस्तू धुऊन, कागदी पिशवीत घालून सोफ्याबरोबरच द्यायची. आतो म्हणाला, अगं फेकून दे ते दात, कुणाच्या तोंडातले कोण जाणे. पण दुसऱ्याचे दात फेकायचा आपल्याला काय अधिकार, असं तिचं म्हणणं. तिनं ते दोन दिवस मिठाच्या पाण्यात ठेवले, ब्रशने घासले, रुमालावर फिरवून पाहिले आणि पिशवीवर "दात, स्वच्छ" असं लिहून पिशवी सोफ्याच्या हातावर चिकटवली.

मंगळवारी आतोचे हमाल सोफा घेऊन गेले. मास्तर नेमके चुलतभावाच्या मयतीला गेलेले, किल्ली शेजारी. हमालांनी कुलूप उघडलं, सोफा आत ठेवला, कुलूप लावलं आणि निघून गेले. आणि त्या अकलेच्या कांद्यांनी सोफा ठेवला तो चारी पायांवर उभा! मालक घरात नाही, बसायला कोणी नाही, आणि सोफा शुक्रवारपर्यंत तसाच, या बसा म्हणत. खिडकीतून अख्ख्या गल्लीने पाहिला.

शुक्रवारी मास्तर परतले. पिशवी उघडली. चार वर्षं त्यांच्या खालच्या जबड्यात एकही दात नव्हता, पातळ लापशीवर दिवस काढत होते. त्यांनी कवळी हातात घेतली, इकडून तिकडून पाहिली आणि तोंडात घातली. चपखल बसली. डावीकडं जराशी हलत होती, पण ते काय, मास्तरांचं स्टेशनही डावीकडं जरा कललेलंच होतं. त्याच दिवशी चार वाजता मास्तर फाट्यावर आले, भाजलेलं केळं आणि मूठभर शेंगदाणे घेतले आणि भर रस्त्यात उभं राहून कडाकडा चावून खाल्ले. टायरवाल्याच्या हातातला पाना खाली पडला. दात कुठून आणले, असं त्याने विचारलं तर मास्तर सहज म्हणाले, "कोबिनाने दिले."

आमच्यात ज्या वारी माणूस येतो त्या वाराचं त्याला नाव. मंगळवारचा तो कोबिना. मास्तरांचं एबो म्हणजे कोबिनाचंच लाडकं रूप, आणि मंगळवारी जन्मलेली मुलगी ती अराबा. तर हा तिसरा मंगळवारचा. हॉलंडहून आलेला, सोफ्यात बसलेला आणि मास्तरांना आपले दात देऊन मोकळा झालेला.

गावात दोन तट पडले. एक म्हणे, सोफा उभा राहिला म्हणून कुणी वाटसरू येऊन बसला. दुसरा म्हणे, छे, हा मूळचाच गोरा, अराबाला तो निघालाच नाही. पहिल्या तटाची बाजू लवकरच पडली, कारण वाटसरू दात घेऊन कशाला येईल? बस, दुसरं कोणी ऐकेना. लोक आपापल्या घरच्या सोफ्यांकडं संशयाने बघायला लागले. चर्चमधल्या बायकांनी दोन खुर्च्या परत आणून टाकल्या. एकीचा नवरा सोफ्यावर बसण्याआधी "जरा सरका" म्हणायला लागला. अराबाने रुमाल दाखवून दाखवून हात दुखवून घेतले, पण लोक रुमालाकडं बघायचे आणि मग फळ्याकडं बघायचे. आतो तर तोंड पाडूनच आला. टाकोराडीत कुणी एक माणूस मशीन घेऊन बसलाय, म्हणाला, नळी लावतो, मोठा आवाज होतो, लोकांना आवाजाची खात्री वाटते. "येत्या शनिवारपर्यंत हे मिटव, अराबा. नाहीतर मला फळा उतरवावा लागेल."

अराबाच्या अंगाचा तिळपापड झाला. एकोणीस वर्षांची कमाई, आणि ती एका म्हाताऱ्याच्या शेंगदाण्यांपायी जाणार? बादली, ब्रश आणि रुमाल घेऊन ती भर दुपारी मास्तरांच्या दारात जाऊन उभी राहिली. आत लाकडी बाक होता, त्यावर बसली. मास्तर सोफ्याच्या उजव्या टोकाला अंग चोरून बसले होते. डावीकडचा खड्डा त्यांनी मोकळा सोडला होता आणि त्याच्यासमोर तिपाईवर पाण्याचा पेला होता.

तिनं त्यांना चांगलं फैलावर घेतलं. शिकलेसवरलेले तुम्ही, निशाणं दाखवून गाड्या सोडलेले, आणि हे काय पोरकट चालवलंय? तिचं बोलून झालं तेव्हा मास्तर म्हणाले, "खोटं नाही गं सांगत. तो मला रोज विचारतो."

"काय विचारतो?"

"गाडी किती वाजता म्हणून."

"कुठल्या भाषेत?"

"त्याला भाषा कशाला हवी? चाळीस वर्षं मी बाकावर बसलेली माणसं पाहिली. गाडीची वाट बघणारा माणूस कसा बसतो ते मला कळतं. तो तसा बसतो. अकरा वर्षांत मला एकानंही वेळ विचारली नव्हती, अराबा. मी सांगतो, तो ऐकतो."

अराबाला भरून आलं आणि त्याचा तिला रागही आला. रिकामी बादली उचलून ती ब्रश न भिजवताच घरी आली.

हे एवढ्यावर राहिलं असतं, पण मास्तरांच्या थोरल्या बहिणीच्या कानावर गेलं. एसी ग्यान्वा तिचं नाव. घराण्याच्या मोठ्या घराचा कारभार तिच्या हातात, आणि तिनं डोळे वटारले की घराण्यातले पुरुष टोप्या काढतात. भुताचा बंदोबस्त करायला म्हणून ती आली आणि सोफा बघून भुताला विसरली. मखमलीवरून हात फिरवला, उशी उचलून पाहिली. मोठ्या घरच्या दिवाणखान्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मयतीला मोठी माणसं येतात आणि त्या खुर्च्यांवर हेलकावे खातात, ही तिची जुनी खंत. एकट्या माणसाला तिघांचा सोफा हवा कशाला, असं तिनं मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणाले, आम्ही दोघं आहोत.

तिनं मग रोखठोक निवाडा केला. शनिवारी क्वामेना मामा येतील आणि चार माणसांसमोर सोफ्याला विचारलं जाईल. रिकामा निघाला तर सोफा मोठ्या घरी आणि एबो आपल्या बाकावर. आत कोणी असलं तर ती ब्याद मोठ्या घरात नको, मग एबोने खुशाल ठेवावा. आणि सांगायचं कोणी? ज्या बाईने धुतला तिने.

म्हणजे अराबाने "रिकामा" म्हणायचा अवकाश, तिचा फळा वाचत होता, नाव वाचत होतं, गावातल्या सगळ्या सोफ्यांवरचा संशय फिटत होता. आणि तेच खरंही होतं! तिनं स्वतः शिवण अन् शिवण वाफवली होती. आत कोणी नव्हतं हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

शनिवारी दुपारी मास्तरांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीत टायरवाला, दारात आतो. क्वामेना मामा म्हणजे घराण्याचे प्रमुख, नव्वदीला टेकलेले, एका कानाने ऐकणारे. त्यांनी पूर्वजांना वाहायची दारू आणली होती, हिरव्या चौकोनी बाटलीतली. बाटली उघडणार तोच कुणीतरी शंका काढली की गोऱ्याला आपली भाषा कशी कळणार? यावर बराच खल झाला. पाद्र्यांना बोलवावं, शाळेतल्या गुरुजींना बोलवावं, असं चाललं होतं. मामांनी बाटलीवरचा कागद वाचून घेतला आणि म्हणाले, "ही दारू हॉलंडचीच आहे. आपले पूर्वज ती पिऊन आपली भाषा समजतात, मग हा तर तिच्याच गावचा, हा पिऊन का नाही समजणार?"

मामांनी जमिनीवर धार धरली. "कोबिना, लांबून आलास. आमच्या पोराला दात दिलेस, उपकार झाले. आमच्याकडं सगळं क्षेमकुशल आहे. आता तू कशासाठी आलास ते सांग." आमच्यात पाहुण्याला येण्याचं कारण विचारल्याशिवाय बोलणं पुढं सरकत नाही. सगळे उत्तराची वाट बघत थांबले. बरेच थांबले. एक कोंबडी आत येऊन बाहेर गेली. मग एसीच्या ध्यानात आलं की पाहुण्याला आधी पाणी विचारायचं राहिलं, नुसती दारू पाजली, तो बोलेल कसा? पाण्याचा पेला आला, पुन्हा पहिल्यापासून सगळं झालं, आणि मामांनी आपला बरा कान सोफ्याकडं केला.

सोफा काही बोलला नाही.

"पुरे झालं," एसी म्हणाली. "अराबा, तू बघ."

अराबाने रुमाल काढला. खड्ड्यात, पाठीवर, हातांवर खसाखसा घासला आणि उलटा करून सगळ्यांना दाखवला. दुधासारखा पांढरा. दारातून आतोने सुटकेचा श्वास टाकला. एसीने हमालांना हाक मारायला मान वळवली. मास्तर आपल्या जुन्या बाकाशेजारी उभे होते. त्यांनी फक्त तोंडातली कवळी काढली, पेल्यातल्या पाण्यात धुतली आणि सोफ्याच्या हातावर ठेवली. ज्याची वस्तू त्याला, अराबाचाच नियम.

आणि मग अराबा सोफ्यावर बसली.

तिला ओळखणाऱ्या कुणीही हे कधी पाहिलं नव्हतं. ती उजव्या टोकाला बसली, मांड्यांवर हात ठेवून, पाय जुळवून. मऊ असतं हे तिला ऐकून माहीत होतं. पण इतकं मऊ असतं आणि तरीही माणसाला त्यावर इतकं एकटं वाटू शकतं, हे तिला आत्ता कळलं.

"बोल ना," एसी म्हणाली. "रिकामा ना?"

"आत आहे," अराबा म्हणाली.

"कोण आहे?"

"कोबिना. मला निघाला नाही तो. मी पुष्कळ घासलं, वाफ दिली, आडवा ठेवला. नाही निघाला."

आतोने कपाळावर हात मारला. एसीने डोळे बारीक केले. ती काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. "रुमाल तर पांढरा आहे."

"रुमालाला मळ लागतो, आंटी. माणूस नाही लागत."

"असं? मग काय म्हणतोय तुझा कोबिना?"

अराबाने मान डावीकडं वळवून खड्ड्याकडं जरा वेळ पाहिलं, ऐकल्यासारखं केलं आणि मग मास्तरांकडं बघून म्हणाली, "विचारतोय, तारक्वाची गाडी किती वाजता आहे?"

मास्तरांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं. खालचे दात नव्हते, पण शब्द स्पष्ट आला. "पाच चाळीस. वेळेवर आहे."

एसीने एकदा भावाकडं पाहिलं. मग आपली पिशवी उचलली. "ठेव तुझा गोरा तुझ्यापाशी," ती म्हणाली, आणि जाता जाता कवळी उचलून भावाच्या हातात ठेवली. "हे घाल आधी. बावळट दिसतोस." मामांनी बाटलीतली उरलेली दारू, जमिनीला जास्त झाली असती म्हणून, स्वतः घेतली.

सोमवारी आतोने फळा उतरवला. त्याचं मन होत नव्हतं, पण तो तरी काय करणार, अराबा स्वतःच्या तोंडाने चार माणसांत बोलली होती. मशीनवाला आला, नळी लावली, आवाज झाला, लोकांची खात्री पटली. अराबा आता आपल्या घरापुढच्या आंब्याखाली धुते, ज्याला रुमाल पुरतो तो तिच्याकडं येतो. असे थोडे आहेत. फळा तिनं घरी आणून भिंतीला टेकवून ठेवला आहे, अक्षरं आतल्या बाजूला करून.

पण ते सगळं सोमवारपासूनचं. त्या शनिवारी खोली रिकामी झाल्यावर अराबा आपली बादली घेऊन उठायला लागली, तेव्हा मास्तर बाकावर बसले होते आणि घड्याळ बघत होते.

"आता कुठं निघालीस?" ते म्हणाले. "बारा मिनिटं तर राहिली."

अराबाने बादली खाली ठेवली आणि ती पुन्हा सोफ्यावर बसली.